उजव्या अंगावर

गाडी पडली तेव्हा मोठा आवाज झाला नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. धाडकन आवाज झाला असता, पहिल्या मजल्यावरून कुणी खिडकीबाहेर डोकं काढून "काय पडलं हो?" म्हणून विचारलं असतं, तर "काही नाही, माझाच तोल गेला" असं म्हणून तो तिथल्या तिथे मोकळा झाला असता. दुसरं काही सुचायला वेळच मिळाला नाही म्हणून माणूस पुष्कळदा खरं बोलून जातो. पण एवढं जड जनावर आडवं झालं ते भरलेलं पिंप कुणी जरा रागानं टेकवावं तसं, दबकं, एकदाच. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सकाळच्या घाईत असले आवाज कुणी मनावर घेत नाही. तो एक पाय वर धरून, बगळ्यासारखा, सासऱ्यांच्या मोटरसायकलीकडे बघत राहिला. टाकीच्या झाकणातून पेट्रोलची बारीक धार फरशीवर उतरत होती. पुढच्या ब्रेकचा लिव्हर टोकाशी तुटून त्याचा गोळा गडगडत त्याच्याच मोटारीच्या चाकाशी जाऊन थांबला होता, अगदी ओळखीच्या माणसाकडे जावं तसा.

गाडी चालवायची म्हणून तो बसलाच नव्हता. सासरे सकाळच्या फेरीला बागेत गेले होते. तो आपली मोटार काढायला खाली आला होता. जिन्याच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेल्या त्या गाडीपाशी थांबला आणि सहज म्हणून कव्हर वर केलं. 'सहज' या शब्दाखाली माणसं काय काय खपवतात त्याची मोजदाद नाही. सहजच त्यानं सीटवरून हात फिरवला, सहजच पाय पलीकडे टाकला, आणि सहजच साइड स्टँड टाचेनं मागे सारून गाडी सरळ उभी केली. सरळ उभ्या गाडीला वजन नसतं. लग्न होऊन या घरात राहायला आला तेव्हापासून तो ही गाडी लांबून बघत आला होता, आणि तिला वजन नाही हे त्याला त्या क्षणी कळलं. दोन मांड्यांमध्ये एक मोठं, थंड, समजूतदार काहीतरी उभं आहे एवढंच. त्यानं आरशात बघितलं. आरसा सासऱ्यांच्या उंचीला लावलेला, त्यात त्याला आपली नुसती छाती दिसली. चेहरा दिसावा म्हणून तो जरा उजवीकडे झुकला. गाडीही झुकली. आणि एका विशिष्ट रेषेपलीकडे गेल्याबरोबर, मघापर्यंत आपल्या बाजूनं असलेलं सगळं वजन एकदम पक्ष बदलून पलीकडे गेलं. त्यानं काय करावं? गाडी धावत असल्यासारखा ब्रेक दाबला. उभी गाडी ब्रेकनं थांबत नाही. ती तशीच, घाई न करता, उजव्या अंगावर निजली.

हे सगळं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर त्यानं ते दोन ओळींत लिहून टाकलं असतं, कारण तेच त्याचं काम होतं. विमा कंपन्यांसाठी तो अपघाती गाड्यांची पाहणी करी. पडलेली गाडी बोलते आणि माणसापेक्षा खरं बोलते, हे त्याचं आवडतं वाक्य. घरी पाहुणे आले की तो ते एकदा तरी म्हणेच, आणि बायको त्या वेळी नेमकी काहीतरी आणायला आत जाई. चालताना पडलेल्या गाडीवर लांब ओरखडे असतात, एका दिशेनं ओढलेले. उभ्यानं पडलेली गाडी मात्र ठिकठिकाणी फक्त टेकते: हँडलचं टोक, लिव्हरचं टोक, इंडिकेटर, फूटरेस्ट, सायलेन्सरचा फुगवटा. तेवढ्याच जागा खरवडतात, बाकी अंग कोरं. माणसं येऊन सांगत, साहेब, समोरून ट्रक आला, मी गाडी बाजूला घेतली. आणि गाडी सांगे, साहेब, हे माझ्यावर बसून फोनवर बोलत होते. आणखी एक. स्टँड डाव्या बाजूला असतं, त्यामुळे स्टँडवरची गाडी आपण होऊन पडली तर डावीकडे पडते. उजवीकडे पडलेली गाडी स्टँडवरून पडत नाही. तिच्यावर कुणीतरी असतं.

त्यानं गाडी उचलली ती चुकीची, समोरून हँडलाला ओढून. कमरेत काहीतरी सरकलं आणि तो ओठ चावत क्षणभर तसाच वाकून राहिला. मग पेट्रोल पुसलं. फरशीवर उमटलेली पांढरी रेघ बुटानं घासली. क्रॅशगार्डनं बराचसा भार घेतला होता. सासऱ्यांनी त्यावर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती ती तेवढी फाटली होती. इंडिकेटर मान मोडल्यासारखा मागे बघत होता. त्यानं गाडी स्टँडवर टेकवली, लिव्हरचा तुटका गोळा खिशात टाकला आणि कव्हर ओढलं. कव्हराखाली ती होती तशीच दिसली. मोटार काढून रस्त्याला लागल्यावर त्याला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी निवांत सांगू. सकाळी सांगायची गोष्ट संध्याकाळवर टाकली की ती तेवढीच राहत नाही, दुपारभर वाढते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज दुसऱ्यांच्या अशाच वाढलेल्या गोष्टींवर तर त्याचं घर चालत होतं.

न सांगण्याला कारणही होतं, आणि ते लाजेहून वाईट होतं. आदल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर त्यानं सासऱ्यांसमोर व्याख्यान दिलं होतं. सासरे दंतवैद्य, दवाखाना विकून निवृत्त झालेले, सगळा परिसर त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणे. सासूबाई गेल्यापासून त्यांचं दोनच गोष्टींवर लक्ष, एक मुलगी आणि दुसरी ही मोटरसायकल. मुलीला काळजी वाटे, आता वय झालं, ही जड गाडी नको. ती काळजी तिनं नवऱ्याच्या तोंडून बोलवून घेतली, कारण तो तज्ज्ञ. आणि तो बोलला. "बाबा, प्रश्न वेगाचा नाहीच. तुमच्या वयाची माणसं चालत्या गाडीवरून पडत नाहीत, उभ्या गाडीवरून पडतात. पायात तो जोर राहत नाही. मी रोज बघतो ना." सासरे शांतपणे ऐकत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलायची सवय लागलेला माणूस, पण जावयापुढे ते ऐकून घेत. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. ज्या दिवशी ती माझ्या हातून पडेल त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात देईन. झालं?" बायकोनं लगेच तो शब्द उचलला. "नक्की ना, बाबा? मग नंतर कुरकुर नाही." "दात काढताना मी कधी कुरकुर ऐकून घेतली आहे का?" ते म्हणाले, आणि विषय हसण्यावारी गेला.

दुपारी तो एका गॅरेजमध्ये कुणाच्या तरी चेपलेल्या दरवाजाचे फोटो काढत होता तेव्हा बायकोचा फोन आला. "ऐक, बाबा गाडीवरून पडलेत." त्यानं कॅमेरा खाली केला. "लागलं का?" "तेच तर. लागलेलं काहीच नाही, आणि ते म्हणतात मी पडलोच नाही. पण गाडी बघ जाऊन, उजवी बाजू सगळी… ब्रेकचा तो दांडा तुटलाय. आधी म्हणाले, कुणीतरी पाडली असेल. मग खाली जाऊन बराच वेळ बसले, वर आले, आणि म्हणाले, नाही, मीच पाडली असणार." "असणार म्हणजे?" "म्हणजे त्यांना आठवत नाही रे!" हीच ती वेळ होती. मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं आणि तो म्हणाला, "इथे आवाज फार आहे, मी घरी येऊन बोलतो." फोन खिशात ठेवताना बोटांना तो लिव्हरचा गोळा लागला, गुळगुळीत, कोमट. गॅरेजच्या मागे भंगाराचा ढीग होता. असले ढीग त्यानं कितीदा उपसायला लावले होते, लोकांनी पुरावे फेकलेले असतात म्हणून. त्यानं गोळा त्यात टाकला. तो कुठे पडला हे बघायलाही तो थांबला नाही.

घरी आला तेव्हा सासरे खाली पार्किंगमध्येच होते. स्टुलावर बसून, कपाळाला दवाखान्यातला जुना दिवा बांधून, ते गाडीच्या उजव्या बाजूला बघत होते, आणि त्यांच्या हातात दात बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसा होता. एरवी ते गाडीशी बोलत. "हं, आ करा बघू, केवढी कीड लागलीय" असं म्हणत साखळीतला मळ काढत. आज तोंडातून शब्द नव्हता. "या जावईबापू," ते म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचंच काम आहे. जरा बघून सांगा, ही चालताना पडली की उभ्यानं?" तो खाली वाकला. कमरेतून कळ गेली. आपणच केलेल्या जखमांवर त्यानं बोट ठेवलं आणि आवाज शक्य तितका कामाचा ठेवत म्हणाला, "उभ्यानं." "बरोबर. मलाही तसंच वाटलं. आणि स्टँडवरून?" "नाही." "नाहीच. उजवीकडे पडलीय. म्हणजे वर कुणीतरी होतं." "हो." "नुसतं बसायला किल्ली लागत नाही, कुणी पोरंसोरंही चढली असतील वर." ते विचार करून बोलत होते, एकेक दात वाजवून बघावा तसं. "मीही आधी तसंच म्हटलं. पण मग लिव्हरचा तुकडा इथे हवा. मी सगळीकडे शोधला, तुमच्या गाडीखालीसुद्धा. इथे तो नाही. म्हणजे ती इथे पडलीच नाही. बाहेर कुठेतरी पडली. काल संध्याकाळी मी बाहेर गेलो होतो. तिथे पाडली, तिथे उचलली, घरी आणली, कव्हर घातलं." ते थांबले. "आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही."

त्यानं तोंड उघडलं. पण सासरे अजून संपले नव्हते, आणि पुढचं ऐकल्यावर त्याचं तोंड तसंच मिटलं. "आणखी एक आहे," ते म्हणाले. "तो लिव्हर मी कधी घट्ट आवळत नाही. हँडलवर त्याची जी पकड असते ना, ती जेमतेम धरेल इतकीच ठेवतो, आणि खाली नळाला लावतात ती पांढरी पट्टी गुंडाळतो. का सांगू? घट्ट आवळलेला लिव्हर पडला की तुटतो. ढिला असला की आपला फिरतो, नमस्कार करतो, वाचतो. वर्षानुवर्षांची माझी सवय. आणि आज बघतो तर बोल्ट असे आवळलेले की पाना लावूनसुद्धा हलेनात. आता हे कुणी आवळले? मीच. दुसरं कोण हात लावतं? पण कधी? का?" त्यांनी दिवा बंद केला. "पडलो ते विसरलो, समजू शकतो, घाबरलो असेन. पण चाळीस वर्षांची सवय मोडून बोल्ट आवळले आणि ते विसरलो, हे… हे बरं लक्षण नाही."

बोल्ट त्यानं आवळले होते. केव्हातरी असंच सहज कव्हर वर केलं तेव्हा लिव्हर हाताला डुगडुगताना लागला, आणि त्याला आधी दया आली आणि मग, खरं सांगायचं तर, आनंद झाला. सापडला म्हाताऱ्याचा हलगर्जीपणा. मोटारीतून पाना आणून त्यानं दात-ओठ खाऊन दोन्ही बोल्ट आवळले होते, आणि रात्री बायकोला सांगितलं होतं, "ब्रेकचा लिव्हर ढिला ठेवतात ते. लक्ष राहत नाही आता." म्हणजे गाडी त्यानं नुसती पाडली नव्हती, तिच्या वाचण्याची सोयही आधीच काढून घेतली होती. आणि आता दोन्हींचा हिशेब एका निरपराध माणसाच्या डोक्यावर, तो माणूस स्वतःच, आपल्या हातानं, स्वच्छ अक्षरात लिहून घेत होता. त्यात चूक कुठेच नव्हती. प्रत्येक पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष बिनचूक होता. त्यानं स्वतः पाहणी केली असती तर याहून वेगळं लिहिलं नसतं. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "शब्द दिला होता." किल्ली गरम होती. त्यानं मूठ मिटली आणि त्याच क्षणी, एवढ्या सगळ्या घाणीतसुद्धा, आपल्या मनाच्या तळाशी कुठेतरी 'आता ही माझी' असं काहीतरी हललं, ते त्याला स्पष्ट जाणवलं. त्याला स्वतःची शिसारी आली. शिसारी आली तरी मूठ मिटलेलीच होती.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी आजारी असल्यासारखे गेले. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ बायकोनं घेतली, येत्या सोमवारची. सासरे भांडतील म्हणून तिनं तयारी केली होती, पण ते नुसते "बरं" म्हणाले, आणि ते 'बरं' ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. सासरे बदलले ते डोळ्यांदेखत. पूर्वी दार ओढून जिना उतरायला लागत ते आता परत वर येऊन कुलूप हलवून बघत. हातात कप असताना विचारत, "मी चहा घेतला ना?" त्यांच्याकडे गमतीच्या गोष्टींचा मोठा साठा होता, भूल उतरायच्या आत पैज लावून सफरचंद खाऊन बघणारा पेशंट, दातावर बसवायची सोन्याची टोपी गिळून बसलेला व्यापारी. आता ते सुरुवात करत आणि मध्येच थांबून विचारत, "हे मी तुम्हाला सांगितलंय का?" पूर्वी तीच गोष्ट ते बिनदिक्कत दहादा सांगत आणि हे दोघं एकमेकांकडे बघून डोळे फिरवत. आता ती दोघंही घाईघाईनं म्हणत, "नाही बाबा, सांगा ना". आणि ही घाई त्यांना कळे, आणि गोष्ट तिथेच राही. जावई जेवताना मान वर करत नसे. रोज एकेक संधी समोर येई आणि तो तिच्या बाजूनं निघून जाई, ओळखीचा घेणेकरी दिसल्यावर रस्ता ओलांडावा तसा. तो मनाशी वाक्य जुळवी. 'बाबा, एक सांगायचंय.' पहिल्या दिवशी हे वाक्य पुरलं असतं. आता त्याच्या मागे तुकडा आला, भंगार आलं, बोल्ट आले, फोन आला, आणि रोज रात्री बायकोच्या पाठीवरून फिरवलेला हात आला. "तू आहेस म्हणून बरं," ती म्हणे. त्या हाताचं काय करायचं, हे त्याला कुठल्याच वाक्यात बसवता येईना.

नवा लिव्हर आणायला तोच गेला. सुट्या भागांच्या दुकानातला म्हातारा माणूस गिऱ्हाइकाकडे न बघता फळीवरून डबे काढत होता. "उजवा? उभ्यानं पाडली वाटतं." "माझी नाही, सासऱ्यांची आहे." "असं होय," दुकानदार डबा पुसत म्हणाला, "इथे रोज कुणाच्या तरी सासऱ्यांची, कुणाच्या मेव्हण्याची, कुणाच्या मित्राची गाडी पडते. स्वतःची पाडलेला अजून एक यायचाय." बाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. तोही हसला, आणि बाहेर आल्यावर मोटारीत बसून राहिला. हसताना आपला चेहरा कसा झाला असेल ते आरशात बघावं असं त्याला वाटलं, पण त्यानं आरसा वर फिरवला.

रविवारी दोघं गाडी दुरुस्त करायला बसले. "किल्ली तुमची असली तरी पेशंट माझा आहे," सासरे म्हणाले. त्या आठवड्यातला तो पहिला विनोद. त्यांनी इंडिकेटर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं शेकून सरळ केला. आत वळलेलं ब्रेकचं पॅडल नळीचा तुकडा घालून, हलक्या हातानं, दाढ सैल करावी तसं जागेवर आणलं. हँडल आपटून टाकीला पडलेल्या खळीत त्यांनी पुटीन भरलं, बारीक कागदानं घासलं, तोंडानं फुंकर मारली आणि वरून रंगाचा हात दिला. त्यांचे हात सुंदर चालत होते. कुठला पाना कुठे आहे हे त्यांना न बघता कळत होतं. हात काही विसरले नव्हते, फक्त हातांवरचा विश्वास उडालेला माणूस प्रत्येक बोल्टनंतर जावयाला विचारत होता, "हा लावला ना मी? तुम्ही बघितलंत ना?" आणि तो "हो" म्हणत होता. लिव्हर बसवताना त्यांनी पांढरी पट्टी गुंडाळली, बोल्ट हळूच फिरवले, आणि मग पाना त्याच्यापुढे धरला. "हे तुम्हीच करा. किती ठेवायचा ते मी सांगतो, पण हात तुमचा असू दे. मला… मला उद्या आठवायचं नाही." त्यानं पाना घेतल्याबरोबर त्यांनी आपला तो सुरकुतलेला, स्वच्छ नखांचा हात गाडीपासून दूर घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"बाबा, गाडी मी पाडली," तो म्हणाला.

एवढे दिवस छातीत दगडासारखं असलेलं वाक्य बाहेर पडलं ते अगदी हलकं, कुणी 'पाणी आणतो' म्हणावं तसं. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सांगायला सुरुवात झाल्यावर त्यानं सगळंच सांगितलं. आरसा, ब्रेक, कव्हर, बोल्टसुद्धा. सासरे ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला वाटलं, सुटलो. "जावईबापू," ते त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही फार चांगले आहात हो." "नाही बाबा, मी खरंच…" "मला मुलगा नाही. असता तर त्यानंही हेच केलं असतं. पण असं करू नका. दुखतंय तिथे भूल दिली म्हणून कीड जात नाही." "अहो, पण तुकडा मी खिशात घातला होता!" "मग दाखवा." तुकडा केव्हाच भंगारात गेला होता. चहा घेऊन आलेली बायको जिन्याशी उभी होती. तिनं शेवटचं सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून तिनं त्याला मोटारीमागे ओढत नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ऐकून मला भरून आलं रे. पण प्लीज, त्यांना असं खोटं बरं वाटायला लावू नकोस. उद्या डॉक्टर विचारतील तेव्हा काय सांगायचं?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं खरं बोललो, आणि त्याची नोंद सगळ्यांनी चांगुलपणाच्या रकान्यात केली. त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते काहीतरी वेगळंच होतं.

तो परत गेला, खिशातून किल्ली काढून स्टुलावर ठेवली, आणि पाय पलीकडे टाकून गाडीवर बसला. "काय करताय?" सासरे उठले. त्यानं टाचेनं स्टँड मागे सारलं. गाडी सरळ झाली. पुन्हा तेच, वजन नाही. आरशात पुन्हा फक्त छाती. "अरे, रंग ओला आहे अजून," बायको म्हणाली. "बघा हं, बाबा," तो म्हणाला. "मी असा बसलो होतो. चेहरा दिसेना म्हणून असा झुकलो." त्याचा उजवा गुडघा लटपटला, तो लटपटवावा लागला नाही. मुठीनं ब्रेक आवळला, तोही आपोआप. बायको किंचाळली. गाडी गेली, तशीच, घाई न करता, आणि तो एका पायावर उडी मारून बाजूला झाला, बगळ्यासारखा, आणि पुसून घासून काढलेल्या त्याच फरशीवर तीच पांढरी रेघ पुन्हा उमटली.

सासरे पुढे आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. वर धरलेल्या पायाकडे, अजून आवळलेल्या मुठीकडे, चेहऱ्याकडे, पुन्हा पायाकडे. पेशंट खरं सांगतोय की नाही हे तोंड उघडायच्या आधी ओळखणारा माणूस होता तो. "उभ्या गाडीवर ब्रेक दाबलास?" ते म्हणाले. "हो." "गाढवा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढत गेला, "गाढवा! उभ्या गाडीवर कुणी ब्रेक दाबतं? पाय टेकायचा सोडून? आणि बोल्ट आवळतोस? मला न विचारता? माझ्या गाडीचे?" इतक्या वर्षांत त्यांनी त्याला 'तू' म्हटलं नव्हतं. ते लालबुंद झाले होते, त्यांची छाती भात्यासारखी हलत होती, आणि एका आठवड्यात दहा वर्षांनी वाकलेला माणूस डोळ्यांदेखत सरळ झाला होता. त्यांच्या मागे बायको उभी होती. तिच्या नजरेनं तो सबंध आठवडा एकेक दिवस करून उलटा वाचायला घेतला होता, आणि ती कुठल्या दिवसापर्यंत आली असेल हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग ती वळली आणि जिना चढून वर गेली. ट्रे तिथेच राहिला.

"उचल," सासरे म्हणाले. "तशी नव्हे. पाठ तिच्याकडे कर. सीटला कंबर लाव. एक हात हँडलला, एक मागे. पायांनी उठायचं, पाठीनं नाही. मी आहे." ते त्याच्या शेजारी, तसेच पाठमोरे टेकले. दोघांनी जोर लावला. गाडी अर्ध्यात आली, जिथे तिचं सगळं वजन असतं तिथे, आणि सासरे थांबले.

"आणि मागच्या महिन्यात," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता चढा नव्हता. वजन पाठीवर असल्यामुळे त्याला मान वळवून त्यांचा चेहरा बघता येत नव्हता. "मागच्या महिन्यात मी दवाखान्याच्या रस्त्यानं येत होतो. वर्षानुवर्षांचा रस्ता. चौकात आलो आणि कुठे वळायचं ते आठवेना. गाडी बाजूला लावून बसून राहिलो, बराच वेळ. कुणाला बोललो नाही." त्यांनी श्वास घेतला. "त्यातही तुझा काही हात होता का?"

त्या प्रश्नात एक वेडी आशा होती, आणि हो म्हणायला त्याचं काहीच जाणार नव्हतं. आता तर त्याचं कुणीही खरं मानलं असतं. गाडी दोघांच्या कमरांवर तोलून होती.

"नाही बाबा," तो म्हणाला. "ते मी नाही केलं."

सासऱ्यांनी हात हँडलवर नीट पुढे सरकवला.

"म्हणजे तेवढंच माझं," ते म्हणाले. "चल. लाव जोर."